गुणशालिनी

मुक्ताने पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. कीबोर्डवर, माऊसवर, अर्धवट प्यालेल्या चहाच्या कपाभोवती लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी पसरल्या. प्रत्येकीच्या पाठीवर चिकटपट्टीखाली कागदाचा तुकडा आणि त्यावर बाबांचं अक्षर. विद्या-मदन. राधा-श्रीकांत. शैलामावशीचा धाकटा.

"या सगळ्यांत आई आहे," ती म्हणाली.

"माहितेय."

"तिचं मंगलाष्टक पाहिजे मला, ताई. माझ्या लग्नात. माझ्या नावाचं."

मी कपाला टेकलेली कॅसेट बाजूला केली. "ह्यातलं एकही तुझ्या नावाचं नाही."

"म्हणून तर तुझ्याकडे आलेय की."

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं आमच्या सांगलीच्या घरात सगळे धरून चालायचे. प्रणवच्या घरचे थांबायला तयार नव्हते. त्यामुळे मुक्ताच्या लग्नाची तयारी सगळी घाईची आणि जरा खालच्या आवाजातली होती. साड्या बघताना कोणीतरी हसायचं आणि मग आठवण होऊन गप्प बसायचं.

मी गप्पच होते. आई गेली त्या दिवसापासून मला रडू आलेलं नव्हतं. दिवस झाले, लोक येऊन गेले, मी चहा दिला, सतरंज्या झटकल्या आणि कोल्हापूरला परत येऊन कामावर रुजू झाले. सुरुवातीला लोकांना मी खंबीर वाटले. नंतर बहुतेक दगड वाटले असेन. मला स्वतःला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचंही फारसं काही वाटत नव्हतं.

"करशील ना?" मुक्ताने विचारलं.

"बघते."

"बघते नको. हो म्हण."

"हो," मी म्हटलं. काम म्हटल्यावर मला बरं वाटतं, एवढंच कारण.

मी एका सूतगिरणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचे. घरी आल्यावरही तेच. माझा पहिला कॉम्प्युटर मी सुटे भाग आणून स्वतः जोडला होता, आणि आमच्या मागच्या खोलीत अजूनही त्याचे अवयव पडलेले असायचे. सुगत, माझा नवरा, त्या खोलीला दवाखाना म्हणायचा. मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेला बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. पण आवाज पडद्यावर आला, त्याच्या लाटा दिसायला लागल्या, की मला तो कळतो. कुठे चढला, कुठे थकला, कुठे खोटा पडला, हे मला कानाने नाही कळत, डोळ्यांनी कळतं.

आईचं बरोबर उलटं होतं. तिला कॉम्प्युटर म्हणजे एक डबा. एकदा ती आमच्याकडे आली असताना मी तिला तंबोरा वाजवणारा एक प्रोग्राम ऐकवला होता. सूर अगदी चोख होता. म्हटलं, ह्याच्यावर गा. ती थोडं गायली आणि थांबली.

"दम लागतो ह्याच्याबरोबर," ती म्हणाली.

"का?"

"तंबोऱ्यावरची बाई मधेच कंटाळते. ती कंटाळली की मला श्वास घेता येतो. हा कंटाळतच नाही."

मी हसले होते. पुढे मुक्ताचं काम करताना मला ते समजलं.

मंगलाष्टकं म्हणणारी बाई म्हणून आईचं आमच्या नात्यागोत्यात नाव होतं. कुणाचंही लग्न असो, अंतरपाट धरला गेला की माइक शेवटी इंदूवहिनींकडे यायचा. चाल सगळ्यांची असते तीच. वृत्तही तेच, शार्दूलविक्रीडित, एका ओळीत एकोणीस अक्षरं, लघू-गुरूंच्या जागा ठरलेल्या. शब्द आई स्वतः करायची. म्हणजे करायची असं म्हणायचं. खरं तर तिने एकदाच केले होते, विद्याच्या लग्नात. विद्या आमची चुलत बहीण.

विद्या ही गुणशालिनी, मदन हा साथी तिचा लाभला.

त्यानंतर प्रत्येक लग्नात नावं तेवढी बदलायची. नाव मापात बसेना की आई थोडी ओढाताण करायची, 'श्रीकांत' बसवायला तर तिने अर्धी ओळ हलवली होती. पण गुणशालिनी हलली नाही. आमच्या घराण्यातली प्रत्येक मुलगी अंतरपाटाच्या पलीकडे उभी राहिली की गुणशालिनी व्हायची, अगदी दोनदा दहावीला बसलेली आमची राधासुद्धा. मी आईला एकदा म्हटलं होतं, तुझं मंगलाष्टक हा प्रोग्रामच आहे, दोन नावं घातली की आशीर्वाद बाहेर पडतो. तिला ते अजिबात लागलं नाही. "मग? वाईट काय त्यात?" असं म्हणाली.

माझ्या लग्नात तिने मंगलाष्टक म्हटलं नव्हतं. म्हणायला ती आलीच नव्हती.

सुगत आमच्यातला नव्हता. कारण एवढंच. ते आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारलं नाही, पण सगळ्यांना पाठ होतं. आम्ही कोल्हापुरात रजिस्टर लग्न केलं. माझ्या ऑफिसातले दोघं आणि सुगतची बहीण साक्षीदार. बाबाही आले नाहीत. पुढे दोनेक वर्षांनी आई एक दिवस अचानक आमच्या दारात उभी राहिली, आत आली, माझे डबे उघडून बघितले, डाळी निवडून ठेवल्या, आणि येणं-जाणं सुरू झालं. झाल्या गोष्टीबद्दल ती कधी बोलली नाही. मी विचारलं नाही. सुगतशी ती नीट बोलायची, त्याला आवडतं म्हणून वांग्याचं भरीत करायची, पण त्याचं नाव कधी घ्यायची नाही. 'तुम्ही' म्हणायची. नाव घ्यायची वेळ आली तर वाक्यच बदलायची.

तर मी कामाला लागले. ऑफिसमधून आले की दिवेलागणीपर्यंत बसायचे. सुगतने कुणाकडून तरी जुना व्हीसीआर आणला होता. कॅसेट लावायची, आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, चित्राकडे बघायचं नाही. आई पडद्यावर हिरव्या लाटा होऊन यायची. तिच्या मागे मुलं रडत असायची, फोटोग्राफर "इकडं बघा, इकडं" म्हणत असायचा, कुणीतरी अक्षता संपल्या म्हणून ओरडायचं. मी एकेक काढून टाकत गेले.

विद्याच्या लग्नातली ओळ पाया म्हणून घेतली. विद्याच्या जागी मुक्ता. 'मु' मला राधाच्या लग्नातल्या 'सुमुहूर्त'मध्ये सापडला. 'क्ता' शैलामावशीच्या धाकट्याच्या वेळी आई कुठल्याशा 'भक्तां'बद्दल गायली होती, त्यातून काढला. मदनच्या जागी प्रणव. 'ण' तर गुणशालिनीतच होता. चाल तीच असल्यामुळे अक्षरं आपापल्या जागी जाऊन बसायची. फक्त प्रत्येक लग्नात आईची पट्टी वेगळी, कारण गुरुजी जिथे सोडतील तिथून ती उचलायची. ते खाली-वर करून जुळवावं लागलं. वयही जुळवावं लागलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकाच नावात आई पस्तिशीची होती आणि पुढच्या अक्षराला पंचावन्नची.

जुळलं तरी ते आईसारखं वाटेना. दोन दिवस मी त्यावर डोकं आपटलं. मग लक्षात आलं की गोंगाट काढताना मी तिचे श्वासही काढून टाकले होते. परत सगळ्या कॅसेटी लावल्या आणि नुसते श्वास गोळा केले. त्यांचा एक फोल्डर केला. ओळीच्या मध्ये, जिथे ती घ्यायची तिथे, एक-एक ठेवला. तेव्हा ते उभं राहिलं.

एकच गोष्ट कुठेच सापडली नाही. 'सावधान'. दर वेळी शेवटी आई 'शुभमंगल' म्हणते आणि सगळं कार्यालय 'सावधान' म्हणून तिच्यावर कोसळतं, अक्षता पडतात, टाळ्या, कुठे ताशा. तिचा तो शब्द एकाही कॅसेटमध्ये सुटा नव्हता. मी प्रयत्न सोडून दिला. 'शुभमंगल'च्या पुढे मोकळी जागा ठेवली, अर्ध्या-पाऊण मिनिटाची. सावधान काय, लोक म्हणतीलच.

राधाच्या कॅसेटमध्ये मंगलाष्टकाच्या आधी आईचा नुसता बोलण्याचा आवाज आला. "मेधा, चष्मा दे गं माझा." मेधा म्हणजे मी. मी तो तुकडा दोनदा ऐकला. कामाचा नव्हता, बोलण्यातला होता, सुरातला नव्हता. काढून टाकला.

मग एका शनिवारी दुपारी, मुक्ताचं झाल्यावर, मी दुसरी फाईल उघडली. का, ते मला सांगता येणार नाही. हात मोकळे होते. फक्त दोन नावं बदलायची होती. मेधा दोन गुरू अक्षरं, विद्यासारखीच. 'मे' 'मेळा'तला. 'धा' राधातला. आणि त्या ओळीत तीन लघू अक्षरं एकापुढे एक येतात अशी एकच जागा आहे, मदनची, प्रणवची. तिथे सुगत न ओढता-ताणता बसला.

मेधा ही गुणशालिनी, सुगत हा साथी तिचा लाभला.

सुगत चहा घेऊन दारात आला होता. त्याने कप खाली ठेवला नाही, तसाच उभा राहिला.

"हे कोण?"

"आई."

"त्या कधी म्हणाल्या असं?"

"म्हणाली नाही. मी केलं."

त्याने परत लावायला सांगितलं. ऐकताना तो खिडकीकडे बघत होता. संपल्यावर कप टेबलावर ठेवून म्हणाला, "मुक्ताचं ठीक आहे, मेधा. तिचं त्यांनी म्हटलंच असतं. हे त्यांनी म्हटलं नसतं."

"हो."

"पुसून टाक."

"हो," मी परत म्हटलं. त्याला वाईट वाटलं होतं हे मला दिसत होतं. मला ऐकताना जे वाटायला हवं होतं ते कुठेतरी दुसऱ्या खोलीत होतं. मी चहा प्यायले. फाईल पुसायची राहिली. मुक्ताची फाईल 'मंगल एक' होती, ही 'मंगल दोन'.

लग्न सांगलीतच होतं. कार्यालयाच्या ध्वनिव्यवस्थेवर माझा विश्वास नव्हता म्हणून मी माझा लॅपटॉप घेऊन स्टेजच्या बाजूला, सनईच्या सीडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. नवरीची बहीण अशी वायरींमध्ये बसलेली बघून दोन-तीन बायकांनी मान हलवली. बाबा समोर पहिल्या रांगेत होते, हातात अक्षता. सुगत मागे, खांबाशी. तो आमच्या घरच्या कार्याला आला की खांबाशीच उभा राहायचा.

अंतरपाट धरला गेला. शैलामावशीने पहिलं म्हटलं, तिचा घसा बसलेला होता. मग प्रणवच्या काकांनी कागदावरून वाचल्यासारखं एक म्हटलं. मग गुरुजींनी माझ्याकडे मान केली आणि मी बटण दाबलं.

आईचा आवाज कार्यालयात घुमला तेव्हा बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. मुक्ताला सांगून ठेवलेलं होतं, तरी तिने हातातला हार छातीशी धरला. पाठीशी उभ्या असलेल्या मामाने तिचा खांदा धरला. शैलामावशीने पदर तोंडाला लावला. 'मुक्ता ही गुणशालिनी' म्हटल्यावर मागून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी लाटांकडे बघत होते. 'क्ता' जरा टोचत होता, पण तो मलाच टोचला असणार.

"शुभमंगल," आई म्हणाली.

"सावधान," सगळं कार्यालय म्हणालं. अक्षता पडल्या. मुक्ता रडत होती आणि हसतही होती. तिला जे पाहिजे होतं ते मिळालं.

मला वाटलं होतं तिथे संपेल. इथेच माझं चुकलं होतं. मी सगळं मोजलं होतं, मुहूर्त मोजला नव्हता. आई लग्नात म्हणायची तेव्हा तिचा एक डोळा गुरुजींच्या घड्याळावर असायचा. वेळ उरला तर ती ओळ लांबवायची, नाहीतर आणखी एक कडवं जोडायची. ते कॅसेटीत ऐकू येत नाही.

"अजून दोनेक मिनिटं आहेत," गुरुजी म्हणाले. "कुणी म्हणणार का?"

शैलामावशीने गळ्याला हात लावून नाही म्हटलं. काकांचा कागद संपला होता. कोणी कोणाकडे बघत होतं, कोणी नुसतंच हसत होतं. अंतरपाट धरणाऱ्या एकाने हात बदलला.

पडद्यावर मी ठेवलेली मोकळी जागा सरकत होती. 'मंगल एक'चा तो रिकामा भाग. तो संपला की प्लेअर आपोआप पुढची फाईल घेणार हे मला माहीत होतं, दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. वीस सेकंद तरी असतील. बटण माझ्या बोटाखाली होतं. गुरुजींनी स्वतःच म्हणायचं ठरवून घसा खाकरला.

मी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

मेधा ही गुणशालिनी, आई म्हणाली.

गुरुजी थांबले. त्यांना वाटलं असणार की हेही ठरलेलंच आहे. कार्यालयात कुणी हललं नाही. मुक्ताने अंतरपाटाच्या कडेवरून माझ्याकडे बघितलं. मग 'सुगत' आलं, तीन अक्षरं, स्वच्छ, दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून, आणि पुढच्या रांगेतल्या काही माना मागे वळून त्याला शोधायला लागल्या. मी सुगतकडे बघितलं नाही. मी बाबांकडे बघितलं. बाबा खाली बघत होते, मुठीतल्या अक्षतांकडे.

ओळी एकामागून एक झाल्या. पुढच्या तीन सगळ्यांना सारख्याच असतात, सुखाच्या आणि संसाराच्या. गुरुजींनी घड्याळ बघून बोट वर केलं.

"शुभमंगल," आई म्हणाली.

"सावधान," सगळे म्हणाले. या वेळी जास्त जोरात, कारण मुहूर्त लागला होता. अंतरपाट निघाला, हार पडले, बाहेर ताशा सुरू झाला. अक्षता माझ्या कीबोर्डवरही पडल्या. त्या मला नंतर बरेच दिवस कळांच्या मधून सुईने काढाव्या लागल्या.

पहिल्या पंगतीच्या आधी शैलामावशी माझ्याकडे आली. "इंदूनं तुझंही म्हटलं होतं होय? आणि आम्हाला कुणाला कळू दिलं नाही."

मी लॅपटॉपचं झाकण लावलं.

"मनात ठेवलंन बघ तिनं. अशीच होती." मावशीने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तिच्या मागून आत्या आली, आणि ती थेट सुगतकडे गेली. आठ वर्षांत ती त्याच्याशी पाण्याचं विचारण्यापलीकडे बोललेली नव्हती.

"सुगतराव, पहिल्या पंगतीला बसा," ती म्हणाली. "मेधा नंतर बसेल मुक्ताबरोबर."

सुगत बसला. जेवून हात धुवायला आला तेव्हा मी नळाशी उभी होते.

"तू पुसलं नव्हतंस," तो म्हणाला.

"नाही."

"थांबवता आलं असतं?"

"आलं असतं."

त्याने रुमालाला हात पुसले. "नाव चांगलं म्हटलं त्यांनी माझं," असं म्हणून तो वऱ्हाडाच्या बॅगा बघायला गेला. चेष्टा होती की काय होतं, मला कळलं नाही. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

दुपारी मुक्ताची पाठवणी झाली. कार्यालय सोडायची वेळ होत आली होती. नातेवाईक घराकडे गेले होते, भटारखान्यात मोठी पातेली घासल्याचा आवाज येत होता. मी वायरी गुंडाळत होते. बाबा आले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

"दमलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"मी काय केलंय दमायला."

थोडा वेळ ते माझे हात बघत बसले. मी वायर कोपराला गुंडाळून गाठ मारत होते.

"दुसरं ते तू केलंस ना?" ते म्हणाले. "मुक्ताचं केलंस तसं."

माझे हात थांबले. "होय."

"वाटलंच."

"आवाज खोटा वाटला का?"

"छे. आवाज तिचाच होता. शब्द तिचे नव्हते."

"शब्द तिचेच आहेत, बाबा. विद्याच्या वेळचे. मी फक्त नावं बदलली."

"तेच म्हणतोय. तुझ्या वेळी तिने ते घेतले नव्हते."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोरच्या मांडवाकडे बघत होते. तिथे दोन माणसं झालर उतरवत होती.

"माझ्या वेळी म्हणजे?"

"तुमचं ते रजिस्टर होतं ना, अकराला का साडेअकराला. सुगतरावांनी आधी पत्र टाकून वेळ कळवली होती, तुला माहीत असेल-नसेल. ती पोळ्या लाटत होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. सकाळपासून आमचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. तिने घड्याळ बघितलं असणार. लाटणं थांबलं आणि म्हणायला लागली. हळूच म्हटलंन, पण पूर्ण म्हटलंन, चारी ओळी."

पातेल्यांचा आवाज थांबला होता.

"शुभमंगल म्हणून ती थांबली," बाबा म्हणाले. "आत दुसरं कोणी नव्हतंच. मग सावधान मी म्हटलं. बाहेरूनच. परत लाटणं सुरू झालं."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तिने सांगितलं नाही, मग मी कसं सांगू?"

मी खाली बसले, तिथेच, स्टेजच्या पायरीवर. "काय होते शब्द?"

"आठवत नाहीत गं."

"थोडे तरी."

"नाव होतं तुझं. त्यांचंही होतं." त्यांनी डोळे मिटून ओठ हलवले, चाल नुसती मनात म्हणून बघितली. एकदा, दोनदा. "मेधा ही, आणि मग काहीतरी. गुणशालिनी नव्हतं, एवढं नक्की. मला तेव्हाही वाटलं होतं, हिने आज गुणशालिनी का नाही म्हटलं. दुसरंच काहीतरी होतं. नवीन केलं होतंन तुझ्यासाठी."

"चांगलं होतं की वाईट?"

"तेही आठवत नाही," ते म्हणाले. मग लॅपटॉपच्या पिशवीकडे बघून म्हणाले, "तुझ्या ह्यातून निघेल का ते?"

"नाही, बाबा. जे कुठे उतरलंच नाही ते नाही निघत."

"होय. ते बरोबर." ते उठले. "चल. कुलूप लावायला थांबलेत ते."

मला त्या दिवशीही रडू आलं नाही. घरी गेले, उरलेले लाडू डब्यांत भरले, मुक्ताचा पोचल्याचा फोन घेतला. कोल्हापूरला परतल्यावर मात्र मी एक प्रोग्राम लिहिला. गुणशालिनीच्या जागी फक्त पाच अक्षरं बसतात. लघू, लघू, गुरू, लघू, गुरू. दुसऱ्या कुठल्या मापाचा शब्द तिथे आईने घातलाच नसता, चाल मोडली असती. मी एक मोठा शब्दकोश मिळवला, अक्षरं मोजून त्या मापाचे सगळे शब्द बाजूला काढले. अपेक्षेपेक्षा बरेच निघाले. काही तर शिव्याच होत्या.

दर महिन्याला सांगलीला गेले की जेवण झाल्यावर मी बाबांना त्यातले काही वाचून दाखवायचे. सुगतही बसायचा, सुपारी कातरत. तो अधूनमधून स्वतःचा एखादा शब्द सुचवायचा. बाबा डोळे मिटायचे, चालीवर बसवून बघायचे.

"मधुभाषिणी?"

"नाही. तू कुठं मधुर बोलतेस."

"हितकारिणी?"

"छे."

"अभिमानिनी?"

इथे ते बराच वेळ थांबले होते. त्यांचे ओठ दोनदा हलले. मी यादीवरचं बोट उचललं नव्हतं, ते मला आठवतं. शेवटी त्यांनी मान हलवली. "जवळचं आहे. पण नाही."

असं चार-पाच वर्षं चाललं. सगळे शब्द संपले की मी पहिल्यापासून सुरू करायचे, कारण आठवण कधी कुठून येईल सांगता येत नाही. 'मंगल दोन' बाबांनी माझ्याकडून मोबाइलवर घेतलं होतं. लोकांना ते ऐकवायचे, अभिमानाने, आणि खरं-खोटं काही सांगायचे नाहीत.

मग बाबांचं विसरणं वाढलं. मुक्ताला ते शैला म्हणायला लागले. सुगतला मात्र नावानेच हाक मारायचे. मी वाचत राहिले. दुपारी त्यांच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसायचे, ते खिडकीतून बाहेर बघत ऐकायचे, आणि शेवटच्या वर्षी तर त्यांना चाल लावून बघायचीही गरज राहिली नाही.

"अपराजिता?" मी विचारायचे.

"हो."

"अविचारिणी?"

"हो."

"कलहप्रिया?"

"हो," बाबा म्हणायचे. "हेच म्हणाली होती ती. हेच."